बैठकीची वाद्ये कार्यक्रमाला नेताना: बांधाबांधीपासून घरी परतेपर्यंत

पुण्याहून बाहेरगावी जाऊन भावगीते, नाट्यगीते आणि अभंग सादर करणाऱ्या सहा जणांच्या संचात मी पेटी (हार्मोनियम) वाजवतो. संचातले सर्वांत जड वाद्य माझे असल्यामुळे सामानाची जबाबदारीही ओघानेच माझ्याकडे आली. गुरुजींनी साथ कशी करावी हे शिकवले. पेटी गाडीत कोणत्या अंगावर ठेवावी हे मात्र एक पट्टी मोडल्यानंतर माझे मला कळले.

त्याहून महाग पडलेला धडा तंबोऱ्याचा. रत्नागिरीकडच्या एका गावातला कार्यक्रम आटोपून आम्ही रात्री निघालो, आंबा घाट चढून वर आलो आणि चहाला थांबलो. तेव्हा गायिकेने सहज विचारले, "तंबोरा कोणाच्या पायाशी आहे?" तो कोणाच्याच पायाशी नव्हता. तबलजींना वाटले मी घेतला, मला वाटले निवेदकाने घेतला, आणि निवेदक त्या वेळी आयोजकांकडून नारळ स्वीकारत होते. रात्री पुन्हा घाट उतरून गेलो, तर तंबोरा विंगेच्या पडद्यात गुरफटून भिंतीला टेकलेला होता. त्याला ओरखडाही उठला नव्हता, पण पुणे गाठायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

तबला, पेटी, तंबोरा, पखवाज आणि जोडीला एखादा कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड (विजेवरचे तालवाद्य) असा लहान संच घेऊन नव्याने बाहेर पडणाऱ्यांसाठी पुढची माहिती लिहिली आहे. ढोल-ताशा पथकाचे किंवा स्वतःची ध्वनियंत्रणा वाहून नेणाऱ्या मोठ्या ऑर्केस्ट्राचे प्रश्न निराळे असतात; त्यांत मी शिरलेलो नाही.

१. बांधाबांधीच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या

पहिला प्रश्न गायकाला विचारायचा असतो, आणि तो म्हणजे पट्टी कोणती, म्हणजे गाण्याचा मूळ सूर पेटीच्या कोणत्या पट्टीवर. गायक काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणार असेल, तर साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा तबला लागतो. गायिका काळी चारमध्ये गाणार असेल, तर सहा इंचांच्या आसपासचा, ढाल्या (खालच्या) सुराचा तबला न्यावा लागतो. एका कार्यक्रमात दोघेही गाणार असतील, तर दोन तबले आले, म्हणजे एक नग वाढला आणि गाडीतली जागाही तेवढी वाढली. हा प्रश्न आदल्या रात्री विचारणाऱ्यांची फार धावपळ होते, कारण हव्या त्या सुराचा तबला ऐन वेळी उसना मिळणे कठीण असते. तबला गठ्ठ्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर) थोडाफार चढवता-उतरवता येतो, परंतु काळी एकचा तबला काळी चारपर्यंत ओढून नेता येत नाही.

दुसरा प्रश्न गाडीचा. आयोजक "गाडी पाठवतो" असे म्हणतात तेव्हा गाडीचे नाव विचारा, आणि त्यानंतर डिकीत सीएनजीची टाकी आहे का, हे आवर्जून विचारा. टाकी असलेल्या डिकीत पेटी जात नाही. मग ती मागच्या आसनावर बसते आणि तिच्या जागचा माणूस एसटीने येतो. सहा माणसे आणि दहा-बारा नग यांसाठी इनोव्हासारखी गाडीही अपुरी पडते. तेरा आसनांची टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन मागची रांग सामानाला देणे खर्चाचे वाटले तरी तेच सोयीचे पडते. गाडी तुम्ही ठरवणार असाल, तर दिवसाला किमान किती किलोमीटरचे भाडे धरले जाणार (बहुतेक ठिकाणी ३०० किलोमीटर धरतात), टोल कोणाचा आणि चालकाचा रात्रीचा भत्ता किती, हे आयोजकांशी मानधन ठरवतानाच स्पष्ट करा.

तिसरा प्रश्न जागेचा. गाडी रंगमंचापासून किती लांब थांबेल, मध्ये जिने किती आहेत, उद्वाहन आहे का, कार्यक्रम बंदिस्त सभागृहात आहे की मोकळ्या पटांगणात, आणि आदल्या रात्री पोहोचलात तर वाद्ये कोणत्या खोलीत कुलूपबंद राहतील, हे विचारा. "मंडपातच राहू द्या, आमची पोरे राखणीला आहेत," हे उत्तर स्वीकारू नका. पोरे गुणी असतात, पण पहाटेच्या दवाची राखण त्यांना करता येत नाही.

चौथा प्रश्न ध्वनिव्यवस्थेचा. गायकाला एक, पेटीला एक, तबला-डग्ग्याला दोन, तंबोऱ्याला एक आणि निवेदकाला एक, असे किमान सहा मायक्रोफोन, त्यांपैकी बैठकीला चालतील असे बुटके स्टँड किती, आणि कीबोर्डसाठी डीआय बॉक्स (वाद्य थेट ध्वनियंत्रणेला जोडणारी डबी) आहे का, हे लेखी कळवा. उभ्याने गाणाऱ्यासाठीचे उंच स्टँड बैठकीला आणून ठेवले, तर दांडी इतकी वाकवावी लागते की स्टँड पेटीवरच कोसळतो.

२. नग मोजा, आणि ते काम एकाच माणसाकडे ठेवा

आंबा घाटातल्या त्या रात्रीनंतर आम्ही प्रत्येक नगाला आकडा दिला. पेटी १, तबला २, दुसरा तबला ३, डग्गा ४, तंबोरा ५, पखवाज ६, कीबोर्ड ७, त्याचा स्टँड ८, केबलची पेटी ९, हत्यारांची पिशवी १०, बैठकीची चादर व तक्के ११. आकडा मोठ्या अक्षरात पत्र्याच्या किंवा कातडी बिल्ल्यावर लिहून मुठीला बांधला. त्याखाली नाव व मोबाइल क्रमांक लिहिला. कागदी चिकटपट्टी एका पावसात निघून जाते.

मोजायचे चार वेळा: घरून निघताना, कार्यक्रमाच्या जागी उतरल्यावर, रंगमंच सोडताना आणि परतीची गाडी हलण्यापूर्वी. मोजणारा माणूस सर्व वेळी एकच असावा, आणि शेवटची मोजणी पूर्ण होईपर्यंत त्याने सत्कार, फोटो आणि जेवण यांपैकी कशातही अडकू नये. "सगळे घेतले ना?" असे विचारणे ही मोजणी नव्हे, कारण त्या प्रश्नाला सगळे होच म्हणतात.

हरवतात ती मोठी वाद्ये क्वचितच. हरवते ती चुंबळ (तबल्याखालची गोल उशी), हातोडी, कीबोर्डचा अडॅप्टर, तंबोऱ्याखालची गादी आणि मोबाइलचा चार्जर. म्हणून सुटी वस्तू सुटी ठेवूच नका. चुंबळ तबल्याच्या खोळीत, अडॅप्टर कीबोर्डच्या पेटीत, गादी तंबोऱ्याच्या गवसणीत बांधलेली, अशी प्रत्येकीची जागा ठरलेली असावी.

३. एकेक वाद्य कसे बांधावे

*तबला आणि डग्गा.* पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, हा तबल्याचा सर्वांत नाजूक भाग, आणि प्रवासात पुडी फाटली तर वाटेत ती बसवून मिळत नाही. वाजवून झाल्यावर लगेच खोळ घालू नका. हाताचा घाम आणि पावडर यांचा लेप शाईवर (मधल्या काळ्या गोलावर) व चाटेवर (कडेच्या पट्टीवर) बसलेला असतो. तो कोरड्या मऊ फडक्याने पुसून दहा मिनिटे पुडी उघडी ठेवा. नंतर पुडीवर कापडाची गोल गादी, तिच्यावर पुठ्ठ्याची किंवा पातळ प्लायची चकती आणि मग खोळ. चकती चाटेच्या कडेपर्यंत यायला हवी, कारण दुसरे सामान घसरून आले तर मार नेमका शाईवर बसतो.

ऊन आणि ओल या दोहोंचा परिणाम उलटसुलट होतो. बंद गाडीत दुपारच्या उन्हात ठेवलेल्या तबल्याचे कातडे आवळते, सूर वर चढतो आणि ताण सहन न होऊन पुडी किनारीपाशी फाटू शकते. पावसाळ्यात कोकणात गेलात की कातडे ओल धरते, सूर उतरतो आणि शाईचे कण सुटू लागतात. प्रवासापूर्वी गठ्ठे उतरवावेत की नाही यावर तबलजींमध्ये एकमत नाही. आमचे तबलजी थंडीत आणि पावसाळ्यात गठ्ठ्यांना हात लावत नाहीत. उन्हाळ्यात किंवा विमानाने जायचे असेल, तर मात्र सूर अर्धा-एक स्वर खाली घेऊन ठेवतात. मला हा मार्ग पटतो.

हातोडी कधीही तबल्याच्या खोळीत टाकू नका. खोळीत सुटी टाकलेली हातोडी खड्डे असलेल्या रस्त्यावर तासभर पुडीवर वाजत राहते. डग्ग्याची खोळ वेगळी असावी. तांब्या-पितळेच्या भांड्याला पोचा आला, तर तो काढून घेताना पूर्वीचा घुमारा परत मिळेलच असे नाही.

*पेटी.* भाता मिटवून त्याच्या कड्या लावा, सगळे खटके (पुढचे हवेचे दट्टे) आत ढकलून बंद करा. उघड्या खटक्यांतून धूळ आतल्या सुरांपर्यंत (आवाज काढणाऱ्या पितळी पात्यांपर्यंत) जाते, आणि पितळी सुराच्या जिभेखाली केसाएवढा कचरा अडकला तरी तो सूर मुका होतो. पट्ट्यांवर पातळ सुती कापड अंथरून मगच झाकण लावा. स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी) पेटी असेल, तर पट्ट्यांची चौकट तिच्या मूळ जागी आणून खटक्यात नीट बसली आहे का, हे हाताने हलवून पाहा. अधांतरी राहिलेली चौकट धक्क्यासरशी सरकते आणि खालच्या पट्ट्या वाकतात.

पेटी ज्या अंगावर वाजवतो, त्याच अंगावर ती प्रवासातही बसली पाहिजे. उभी नको, आडवी नको, आणि भात्याच्या बाजूने टेकलेली तर मुळीच नको. माझी पट्टी मोडली ती अशाच प्रकारे. जागा कमी म्हणून पेटी उभी केली होती आणि तिच्यावर कीबोर्डचा स्टँड रेलला होता. सूटकेस पेटी स्वतःच्या खोक्यात मिटते म्हणून ती सुरक्षित, असा समज आहे; ते खोके धुळीपासून वाचवते, भार मात्र पेलत नाही. जड पेटी दोघांनी दोन्ही बाजूंनी खालून धरून उचलावी, कारण मुठीचे स्क्रू बऱ्याचदा पातळ लाकडात बसवलेले असतात. पावसाळ्यात पेटीच्या खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा, नाही तर पट्ट्यांचे लाकूड फुगून त्या एकमेकींना घासू लागतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही.

*तंबोरा.* मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. पण त्याचा भोपळा शेवटी वाळवलेल्या फळाचे कवच आहे आणि कोपराच्या धक्क्यानेही त्याला तडा जाऊ शकतो. मऊ गवसणी घरातल्या घरात ठीक. प्रवासाला तंतुकाचेची (फायबरग्लासची) किंवा आतून फोम लावलेल्या प्लायची कडक पेटी घ्या, आणि ती घेताना तुमचा तंबोरा बरोबर नेऊन माप पाहा. पेटीत भोपळा खुळखुळला तर पेटीचा उपयोग शून्य. मोकळ्या जागेत जुन्या सुती साड्या गुंडाळून भरा. पेटी परवडत नसेल, तर गवसणीखाली भोपळ्याभोवती गोधडी गुंडाळा आणि तंबोरा कोणाच्या तरी मांडीवर द्या.

तारा दोन-तीन स्वर उतरवा, पूर्ण सैल करू नका. तारांचा ताण अगदी गेला की घोडी (तारांखालचा आधार) जागेवरून सरकण्याचा धोका असतो, आणि एकदा ती हलली की जवारी (तारांचा गुंजणारा नाद) पुन्हा लागेपर्यंत गायक आणि श्रोते दोघांची परीक्षा होते. पहिल्यांदा घेऊन निघण्याआधी घोडीच्या चार कोपऱ्यांशी तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटावर) पेन्सिलीने बारीक खुणा करून ठेवा. तारांतले सूर जुळवायचे मणी खाली सरकवून ठेवा, जवारीच्या दोऱ्याची गुंडी बरोबर घ्या, आणि खुंट्या घसरत असतील तर लावायला खडूचा एक तुकडाही असू द्या. पोलादी आणि खर्जाची पितळी अशा दोन्ही तारा जादा ठेवा. बाजाराच्या गावीही पितळी तार हमखास मिळेल असे धरून चालू नका.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा मोबाइलवरचे ॲप जोडीला ठेवण्यात कमीपणा काही नाही. मोबाइल वापरणार असाल, तर तो विमान-मोडवर टाका. अभंगाच्या मध्यात विम्याच्या जाहिरातीचा फोन वाजलेला मी ऐकला आहे.

*पखवाज.* पखवाजाच्या धुमाला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) लावायची कणीक घरून भिजवून नेऊ नका. दुपारी ती आंबते आणि डबा उघडताच कळते. कोरडे गव्हाचे पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात न्या आणि कार्यक्रमाच्या जागी भिजवा. कार्यक्रम संपल्यावर ती खरवडून, ओल्या फडक्याने पुसून, कातडे वाळवून मगच खोळ घाला. एका धर्मशाळेत थकव्यामुळे आम्ही कणीक तशीच ठेवून झोपलो आणि सकाळी उंदरांनी कणकेबरोबर कातडेही कुरतडलेले आढळले.

*विजेवरची वाद्ये.* कीबोर्डला त्याच्या मापाची पेटी घ्यावी, एवढे सांगितले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे अडॅप्टरचे आहे. कॅसिओच्या बऱ्याच जुन्या कीबोर्डना ९ व्होल्टचा, यामाहाच्या अनेक कीबोर्डना १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि दोघांच्या पिनेतले धन-ऋण उलटे असू शकतात. पिन मात्र एकमेकांत बसल्यासारखी वाटते. म्हणून प्रत्येक अडॅप्टरवर वाद्याचे नाव रंगीत टेपने चिकटवा आणि वाद्याच्या मागेही त्याच रंगाचा टेप लावा. केबल कोपरावर आवळून गुंडाळू नका, आतली तार तुटते. सैल वेटोळे करून कापडी पट्टीने बांधा.

४. हत्यारांची पिशवी आणि कागद

ही पिशवी शेवटी भरली जाते आणि सर्वांत आधी लागते, तेव्हा ती गाडीत वरच ठेवा. आमच्या पिशवीत पुढील वस्तू असतात:

- तबल्याची हातोडी, पावडर, दोन जादा गठ्ठे, वादीचा (चामडी पट्टीचा) तुकडा, सुती फडकी
- तंबोऱ्याच्या तारा, जवारीचा दोरा, खडू
- पेटी उघडण्यासाठी पेचकस, सुरातला कचरा काढायला पातळ कागदाची पट्टी आणि मऊ ब्रश
- पाच मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड, सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसणारा बदल-प्लग, मल्टिमीटर, टेस्टर, इन्सुलेशन टेप
- टॉर्च, बॅटरी सेल, सिलिका जेल, जाड प्लॅस्टिकचा मोठा तुकडा, नारळी दोरी

सिलिका जेलचे रंगीत दाणे ओल धरली की रंग बदलतात, निळे असतील तर गुलाबी होतात. मंद आचेवर तव्यात परतले की पुन्हा कामाचे होतात. तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका.

कागदांमध्ये आयोजकांचे तारीख, स्थळ आणि वेळ लिहिलेले पत्र, प्रत्येकाचे ओळखपत्र, वाद्यांची यादी, विजेवरच्या वाद्यांचे अनुक्रमांक व त्यांच्या पावत्यांच्या प्रती एवढे पुरते. पहाटे तीन वाजता नाकाबंदीत गाडी थांबली आणि मागे लांबट काळ्या पेट्या दिसल्या, की विचारपूस होणारच. पत्र दाखवले की दोन मिनिटांत सुटका होते. निघण्यापूर्वी सगळी वाद्ये जमिनीवर मांडून एक फोटो काढून ठेवा. नुकसान कुठे झाले यावर पुढे वाद उद्भवला, तर तोच उपयोगी पडतो.

५. गाडीत भरण्याचा क्रम

सर्वांत खाली आणि पुढच्या आसनाच्या पाठीला टेकून पेटी. तिच्या शेजारी केबलची पेटी आणि स्टँड, म्हणजे जड सामान तळाशी. तबला आणि डग्गा तोंड वर करून, चुंबळीवर, दोन नगांच्या मधल्या खाचेत. कीबोर्ड आसनांच्या मागे उभा, पण पट्टा लावून. तंबोरा सर्वांत शेवटी आत जातो आणि सर्वांत आधी बाहेर येतो. त्याच्यावर काहीही नाही, आयोजकांनी दिलेला हापूसचा करंडाही नाही.

घाटात सामान मागे-पुढे सरकते हे सगळ्यांना माहीत असते, तरी बहुतेक जण फक्त बाजूंनी पाचर मारतात. मालवाहू गाडीवाले वापरतात तसे कडीचे पट्टे दोन विकत घ्या. गाडीच्या छतावरच्या कॅरिअरवर वाद्य चढवू नका, ताडपत्री बांधली तरी नको. वाटेत जेवायला थांबलात, तर गाडी सावलीत लावून घ्या आणि एकाने गाडीपाशी थांबावे. त्याचे जेवण नंतर.

६. एसटी, रेल्वे आणि विमान

एसटीने जायचे असेल, तर तबला आणि पेटी एवढेच झेपते. डिकीत सामान ठेवल्यास प्रत्येक मोठ्या थांब्यावर उतरून पाहावे लागते.

रेल्वेत शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात माणशी ४० किलो, तर द्वितीय वर्गात ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येते. मर्यादा वजनापेक्षा मापाची आडवी येते: डब्यात नेण्याच्या पेटीसाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर हे माप ठरलेले आहे, त्याहून मोठा नग ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) नोंदवावा असा नियम आहे, आणि वातानुकूलित तृतीय वर्गात तर माप आणखी लहान आहे. तंबोऱ्याची लांबी सहज या मापाबाहेर जाते. नियमाने तो ब्रेकव्हॅनमध्ये जायला हवा, तिथे सामान कसे चढते-उतरते हे एकदा फलाटावर उभे राहून पाहा. म्हणून मी तंबोरा शक्यतो रेल्वेने नेतच नाही. नाइलाज झाला, तर आयोजकांना त्यांच्या गावचा तंबोरा ठरवायला सांगतो. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळा टाळून मालडब्यातून जा.

विमानाचे गणित वजनाचे. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक वेळा हातात ७ किलो आणि खाली १५ किलो सामान चालते, आणि कडक खोक्यातली जड पेटी एकटीच ही मर्यादा ओलांडते. जादा वजन आधीच नोंदवलेले बरे. विमानतळावर दर जास्त पडतो. तबलजींनी लक्षात ठेवावे, की हातोडी हातातल्या सामानात चालत नाही, हत्यार म्हणून ती सुरक्षा तपासणीत काढून घेतात. ती खाली द्यायच्या सामानात टाका. पॉवर बँकेचे याच्या उलट आहे: ती खालच्या सामानात चालत नाही, हातातच ठेवावी लागते, आणि मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० एमएएच क्षमतेची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते, ती चालते. विजेवरच्या वाद्यांमधले सुटे लिथियम सेलही हातातच.

परदेशी दौऱ्याबद्दल एकच सूचना देतो. जुन्या तंबोऱ्या-सतारींवर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असते. असे वाद्य देशाबाहेर नेणे वन्यजीव कायद्यामुळे अडचणीचे ठरते, तेव्हा ते घरीच ठेवून दुसरे वाद्य न्या.

७. पोहोचल्यावर

वाद्ये रंगमंचावर नेऊन लगेच उघडू नका. बाहेर ऊन आणि आत वातानुकूलन, किंवा उलट, असा फरक असेल तर पेट्या बंद ठेवूनच अर्धा-पाऊण तास थांबा, मग उघडा, आणि तबला त्यानंतर लावा. गार वाऱ्याच्या झोताखाली किंवा दिव्याच्या थेट प्रकाशाखाली तबला ठेवला, तर लावलेला सूर पहिल्या गाण्यातच हलतो.

मोकळ्या पटांगणातल्या दिवाळी पहाटेची वेगळी तयारी करावी लागते. ध्वनिक्षेपकावर रात्री दहा ते सकाळी सहा निर्बंध असल्यामुळे गाणे उजाडताना सुरू होते, पण मांडामांड अंधारात आणि दवात होते. आमच्या पहिल्या दिवाळी पहाटेला पहाटे चारला वाद्ये मांडून ठेवली आणि साडेपाचला तबल्यावर हात फिरवला, तर बोटे ओली झाली. सूर जवळपास एक स्वर उतरला होता, आणि हॅलोजनची ऊब देऊन तबला वर आणावा लागला. आता आम्ही रंगमंचावर गाद्या, माइक आणि रिकामे स्टँड मांडतो. वाद्ये अगदी शेवटी, जाड टॉवेलखाली येतात आणि पडदा उघडेपर्यंत टॉवेल काढत नाही.

जनित्रावर कार्यक्रम असेल, तर कीबोर्ड जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दाब मोजा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये अगदी किरकोळ आकडा दिसला पाहिजे. तसे नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तो येईपर्यंत काहीही जोडू नका. बैठकीला सगळे अनवाणी असतात, मायक्रोफोनच्या जाळीचा झटका ओठांना बसतो.

८. परत निघताना

सामान हरवण्याची आणि मोडण्याची खरी वेळ ही आहे. दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो, सभागृहाचा कर्मचारी दिवे मालवण्याच्या बेतात असतो, फोटोसाठी लोक मंचावर आलेले असतात, आणि उत्साही कार्यकर्ते "द्या, आम्ही नेतो" म्हणून तंबोरा दांडीला धरून उचलतात. त्यांना नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून आम्ही त्यांना चादर, तक्के आणि स्टँड देतो. तेही खूश, वाद्येही सुखरूप.

भरवसा घाईवर नको, ठरलेल्या क्रमावर ठेवा: आधी तंबोरा पेटीत आणि गायिकेच्या ताब्यात, मग पखवाजाची कणीक खरवडणे, मग तबला पुसून उघडा ठेवायचा, तो वाळेपर्यंत पेटी बांधायची, शेवटी केबल. टॉर्च घेऊन रंगमंचावर आणि दोन्ही विंगांत एक फेरी मारा. पडद्याच्या मागे हात घालून पाहा. मग मोजणी. गाडीचे इंजिन सुरू होण्याआधी चालकालाही आकडा सांगून ठेवतो, "अकरा नग," आणि परत पुण्यात उतरताना तोच आम्हाला विचारतो.

घरी कितीही उशीर झाला तरी पेट्यांची झाकणे उघडून झोपा. पावसात भिजलेली गवसणी वाद्यावर राहू देऊ नका आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले काहीही तसेच ठेवू नका, कारण बाहेरची ओल अडवणारे प्लॅस्टिक आतलीही ओल कोंडून ठेवते. सकाळी पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवून पाहा, तंबोऱ्याची घोडी पेन्सिलीच्या खुणांशी ताडून पाहा, आणि हत्यारांच्या पिशवीतले जे संपले ते त्याच दिवशी आणून ठेवा.